आकाशमार्गांतील परोपकार

आपल्या गोरेगावाहून दक्षिणेकडे निघालें, कीं विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, समुद्रकांठाजवळ, जुहूचा विमानतळ लागतो. १९२८ सालीं स्थापन झालेला हा तळ हिंदी नागरी विमानोड्डाणाचें माहेरघरच होय. येथील फ्लाइंग क्लबांत शिकून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं १९२९ च्या फेब्रुवारींत वैमानिकाचा परवाना मिळविला. आपल्या देशांत दिला गेलेला तो पहिलाच परवाना. विमानप्रवासांत परक्यास साहाय्य कसें करावें, हें समजून घेण्यास त्यांच्याच आयुष्यांतील एक प्रसंग फार उपयोगी आहे.

इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें विमान चालवून ठराविक मुदतीच्या आंत प्रथम तोडणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. १९३० च्या मे महिन्यांत २५ वर्षांचे टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. उलट दिशेनें १७ वर्षांचे अस्पी इंजिनियर कराचीकडे येत होते. ईजिप्तमध्यें अलेक्झांड्रियानजीक अबुकीर येथें टाटा उतरले, तों इंजिनियर तेथें अडकून पडलेले! त्यांस स्पार्क प्लग हवे होते. हा जिन्नस दिसण्यांत लहान. परंतु इंधन पेटविणारी ठिणगी तोच पाडतो, आणि ठिणगीवांचून इंजिन म्हणजे केवळ लोखंडाचा भार. टाटांनीं स्वतःजवळचा जादा साठा काढून प्रतिस्पर्ध्याच्या हातीं दिला. इंजिनियर थोडक्या अंतरानें आधीं पोंचले, व बक्षीस त्यांस मिळालें. पुढें ते वायुदलांत शिरले आणि १९६० सालीं भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

आतां विमानांत शेंकडों उतारू एकत्र बसतात, व इंजिनापेक्षां माणसेंच अधिक अडतात. परदेशीं लेकीकडे प्रथमच निघालेल्या आजीबाईंस आसनाचा क्रमांक वाचतां येत नाहीं, किंवा पट्टा कसा लावावा हें उमगत नाहीं. अशा वेळीं दोन गोड शब्द व दोन मिनिटें पुरतात. विमान उतरूं लागलें, कीं तान्हें मूल आक्रोश करतें. लोक आईकडे रागानें पाहतात. पण त्याचें कारण जाणणारे थोडे. उंचावर विमानांतील हवेचा दाब सुमारें ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका खालीं येऊं शकतो, म्हणजे ५,४०० फुटांच्या कळसूबाईवरील दाबाहूनहि कमी. उतरतांना तो दाब पुनः वाढतो व कानाच्या पडद्यावर ताण येतो. गिळण्याच्या क्रियेनें कान व घसा यांस जोडणारी नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. म्हणून बाळास त्या वेळीं दूध पाजावें. ही माहिती सौम्यपणें सांगणारा शेजारी त्या मातेस देवासारखा वाटेल.

परंतु साहाय्यासहि विवेक हवा. अनोळखी माणसाची पेटी वा पुडकें आपल्या नांवावर कधींहि नेऊं नये. त्यांत काय आहे हें आपणांस ठाऊक नसतें, आणि जबाबदारी मात्र आपल्यावर येते. कोणास भोंवळ आली, तर आपल्या जवळचें औषध देण्याऐवजीं तात्काळ सेवकवर्गास हांक मारावी. प्राणवायूचे मुखवटे वरून खालीं आले, तर प्रथम आपला लावावा, मग शेजारच्या मुलाचा. हा स्वार्थ नव्हे. ३५,००० फुटांवर प्राणवायूवांचून मनुष्य अर्धें ते एक मिनिटच शुद्धीवर राहतो. बेशुद्ध झालेला कोणास तारणार? तसेंच संकटकाळीं बाहेर पडतांना सामान मागें टाकावें. निम्मींच दारें वापरून ९० सेकंदांत सर्वांस बाहेर पडतां यावें, अशा कसोटीवर मोठीं प्रवासी विमानें पारखलेलीं असतात. एकाच्या पेटीनें वाट अडली, तर मागच्या अनेकांचा प्राण धोक्यांत येतो. पेटी सोडणें हाहि परोपकारच.

कांहीं वेळां मात्र असा हिशेब उरत नाहीं. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानावर कराची येथें सशस्त्र दहशतवाद्यांनीं कबजा केला. आपल्या मुंबईची नीरजा भनोत त्यांत सेवकवर्गाची प्रमुख होती. वय अवघें २२. तिनें वेळीं इशारा दिल्यामुळें वैमानिक निसटूं शकले व विमान उडवून नेण्याचा बेत फसला. सुमारें १७ तासांनंतर गोळीबार सुरू झाला, तेव्हां ती उतारूंस बाहेर काढीत राहिली, आणि मुलांस वांचवितांना स्वतः प्राणांस मुकली. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें.

मित्रहो, असें धैर्य प्रत्येकाच्या वाट्यास येईलच असें नाहीं. पण अबुकीर येथील प्रसंग कोणाच्याहि वाट्यास येण्याजोगा आहे. दुसऱ्याचें काय अडलें आहे हें ओळखण्याइतकें ज्ञान टाटांपाशीं होतें, देण्यास जवळ वस्तु होती, आणि बक्षीस गेलें तरी चालेल इतकें मनहि होतें. पालकांनीं मुलांच्या प्रवासाची पेटी भरतांना या तीन गोष्टींचीहि आठवण ठेवावी. त्यांचें वजन कोणत्याहि कांट्यावर भरत नाहीं.