दुर्बिणीचे ऑपरेशन मूल होण्यासाठीही असते

आपल्या धुळे जिल्ह्यात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुटुंबनियोजनाचे शिबिर येते. बेंबीपाशी एखादा टाका आणि लगेच घरी. खेड्यापाड्यांत दुर्बीण माहीत झाली ती याच शिबिरांमुळे. त्यामुळे लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नसलेल्या एका सुनेला मी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा साक्रीकडून आलेल्या तिच्या सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. ‘आजून एक बी पोर नही, आनि दुर्बीण कसाले?’ त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आजचा लेख त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

दुर्बीण हे केवळ साधन आहे. नसबंदीत तिच्या मदतीने गर्भनलिकेवर कडे चढवून नळी बंद करतात. तीच दुर्बीण वापरून चिकटलेली नळी मोकळी करता येते, बीजकोषावरची गाठ काढता येते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्यानंतर पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया आपल्याकडे या पद्धतीने होऊ लागल्या.

या सुनेला जो आजार होता त्याचे नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, तशाच पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोषावर, नळ्यांच्या आसपास किंवा आतड्यालगत रुजतात. पाळीचे थोडे रक्त नळ्यांतून उलटे पोटात जाते व त्यातून हे घडते, असा विचार अमेरिकन डॉक्टर सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात मांडला. मात्र तेवढ्याने सारा आजार उलगडत नाही. या पेशी पाळीच्या चक्राबरोबर सुजतात, त्यांच्यातून रक्त झिरपते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आत दाह होतो, व्रण पडतात, जाळ्यासारखे पापुद्रे तयार होऊन अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोषात जुने रक्त साठून गाठ झाली तर ते इतके दाट आणि काळपट असते की तिला ‘चॉकलेट सिस्ट’ असेच म्हणतात. बीज नळीपर्यंत पोहोचण्याची वाट अडते, आणि दाहामुळे बीजावरही परिणाम होत असावा.

जगात पाळीच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरीही निदानाला वर्षे लागतात. कारण पाळीत पोट दुखायचेच, हे आपल्याकडे आईने लेकीला आणि सासूने सुनेला सांगितलेले असते. ‘एक मूल झाले की थांबेल’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. ज्या बाईला या आजारामुळे मूलच होत नाही, तिने त्या सल्ल्याचे काय करावे? पाळीच्या दुखण्याने दर महिन्याला शाळा बुडत असेल, शेतावरचे काम सुटत असेल, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल, पाळीत शौचाला बसताना कळ येत असेल, तर ते दुखणे अंगावर काढू नये. काही जणींना मात्र काहीच दुखत नाही, केवळ दिवस राहत नाहीत. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण बारीक ठिपके दिसत नाहीत. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या शब्दांनी हा आजार नाही असे ठरत नाही.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनांनी दुखणे कमी होते, पण गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. उलट ती चालू असेपर्यंत बहुधा बीजच बाहेर पडत नाही. मूल हवे असलेल्या जोडप्याचे त्यात महिनेच्या महिने जातात.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बेंबीपाशी साधारण एक सेंटिमीटरचे छिद्र आणि ओटीपोटावर अर्ध्या सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रे घेतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि पडद्यावर पाहत ठिपके जाळतात किंवा कापून काढतात, चिकटलेले भाग सोडवतात, गाठीचे आवरण सोलून काढतात. निळे औषध गर्भाशयातून सोडून नळ्या उघड्या आहेत का, हेही तेव्हाच पाहता येते. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो उरलेल्या वायूमुळे. घाबरून हृदयाची तपासणी करायला धावू नये. लघवी निळसर-हिरवी झाली तर ती त्या औषधाने.

उपयोग किती? कॅनडात ३४१ स्त्रियांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना सौम्य आजार होता आणि मूल होत नव्हते. दुर्बिणीतून ठिपके काढलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के, तर नुसती तपासणी केलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के स्त्रियांना पुढील ३६ आठवड्यांत गर्भ राहून टिकला. फायदा खरा आहे, पण हमी नाही. हमखास मूल होईल असे कोणी सांगत असेल तर सावध राहा.

आणि घाई करू नये अशीही एक बाजू आहे. गाठ सोलताना तिच्याबरोबर बीजकोषाचा निरोगी भाग थोडा जातोच, आणि त्यातली बीजे परत येत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंना गाठी असतील, वय पस्तिशीपुढे असेल किंवा आधी एकदा शस्त्रक्रिया झाली असेल, तर रक्तातील एएमएच तपासून बीजांचा साठा पाहावा. साठा कमी असेल तर थेट टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार अधिक योग्य ठरू शकतो. त्या उपचाराआधी प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे, असे आता मानले जात नाही.

नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र सर्वांत आधी. ती एका दिवसात होते, भूल लागत नाही, छिद्र पाडावे लागत नाही. तरी आमच्याकडे येणारे पुरुष ती टाळतात आणि बायकोला टेबलावर झोपवायला तयार होतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिकरीत्या प्रयत्न करायला साधारण सहा महिने ते वर्ष द्यावे, वय जास्त असेल तर कमी. आजार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून हे महिने वाया घालवू नयेत. आमच्या भागात ऑपरेशनानंतर सुनेला दोन-चार महिने माहेरी ठेवण्याची पद्धत आहे. आठ-दहा दिवस विश्रांती घ्यावी, मग तिला परत घरी आणावे.

डिस्चार्ज घेताना कोणत्या बाजूला काय सापडले, नळ्या उघड्या होत्या का, हे लिहिलेला कागद आणि जमल्यास चित्रीकरण मागून घ्या. पुढे धुळ्यात, जळगावात किंवा नाशिकला दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर त्या कागदामुळे पुन्हा दुर्बीण घालण्याची वेळ टळू शकते.