वसंतातील तापमानाचे चढउतार आणि बागेतील बहुवर्षायू वनस्पतींची पालवी

फाल्गुन-चैत्रात कोल्हापुरातील बागांतून गुलाबाला तांबूस पालवी फुटते, मोगऱ्याची नवी पाने काहीशी फिकट दिसतात, आणि पुष्कळदा लगोलग झाडांच्या बुंध्याशी हिराकस टाकला जातो. या वर्णभेदाचा बराचसा भाग मात्र हवामानाने घडविलेला असतो. तो ध्यानात न घेता नोंदलेली निरीक्षणे पोषणविषयक संशोधनात दिशाभूल करतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील या शहरात फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाचे कमाल व रात्रीचे किमान तापमान यांत सरासरीने १५ अंश सेल्सियसच्या आसपास अंतर असते. जुलैत ते पाच-सहा अंशांवर येते. या अंतराचा परिणाम समजण्यास ब्लॅकमन यांनी १९०५ साली मांडलेले मर्यादक घटकांचे तत्त्व उपयोगी पडते. प्रकाश शोषून घेण्याची क्रिया तापमानावर फारशी अवलंबून नसते. कार्बन डायऑक्साइडचे स्थिरीकरण मात्र एंझाइमांमार्फत होत असल्याने गारव्यात मंदावते. त्यामुळे थंड रात्रीनंतरच्या निरभ्र सकाळी पान जितकी प्रकाशऊर्जा घेते तितकी ते खर्चू शकत नाही. कोवळ्या पानात हरितकणांची घडण अपुरी असल्याने ही अडचण अधिकच तीव्र होते. अशा वेळी पेशीरसातील अँथोसायनिन प्रकाशाचा काही अंश अडवून हरितकणांवर सावली धरते, असे मानले जाते. या रंगाचे कार्य कीटकांपासून संरक्षण हेच असावे, असेही एक मत आहे. पण त्याने गारव्याशी असलेला संबंध उलगडत नाही. गारव्यात वाढ मंदावून पानात शर्करा साचते व ती अँथोसायनिनच्या निर्मितीस चालना देते. उष्ण रात्री श्वसनाने शर्करा खर्च होते आणि रंग फिका पडतो. (बोगनवेलीच्या रंगीत छदांना हे विवेचन लागू करू नये, तेथील रंगद्रव्ये बीटालेन वर्गातील होत.)

मार्चअखेरीस दुपारची हवा तप्त व कोरडी होते. कोवळ्या पानाची उपत्वचा पातळ असते. मुळांकडून होणाऱ्या पुरवठ्याहून बाष्पोच्छ्वास वाढला की कडा करपतात. क्षारांमुळेही कडा करपतात, परंतु त्याचा आरंभ बहुधा जुन्या पानांपासून होतो.

लोहाच्या उणिवेत नव्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हा दोष विशेष आढळतो आणि पान जून झाल्यावरही सहसा हटत नाही. तापमानजन्य फिकटपणा वा तांबूसपणा पानभर पसरलेला असून पान पक्व होताना आपोआप ओसरतो. म्हणून एकाच दिवशीच्या पाहणीवरून निदान करू नये. खूण केलेले तेच पान दोन-तीन आठवडे पाहावे.

वेधशाळेचे आकडे हवेचे असतात. निरभ्र रात्री उष्णतेच्या उत्सर्जनामुळे पान हवेहून थंड होते, तर भर उन्हात ते हवेहून बरेच तापू शकते. यास्तव पानाचे वय, फांदीवरील स्थान व दिशा यांसह पानाच्या खालच्या पृष्ठास लावलेल्या बारीक तापयुग्माची पहाटेची व दुपारची नोंद घेणे इष्ट होय.