विश्लेषण : कॅसिनो बंद, चिप मात्र शिल्लक! तिहुआनाचा सीमेपलीकडचा जुगार कसा बुडाला?

मेक्सिकोतील तिहुआना शहरातल्या ‘आग्वा कॅलिएंते’ कॅसिनोच्या चिप्स आज संग्राहक जपून ठेवतात. तो कॅसिनो मात्र १९३५मध्येच बंद झाला. शेजारच्या बंदीवर उभा राहिलेला धंदा किती टिकतो, याचा हा नमुना.

चिप्स कशासाठी?
डाव चालू असताना रोख मोजत बसणे अडचणीचे. म्हणून एकोणिसाव्या शतकात हाड, हस्तिदंत, शिंपल्याच्या चकत्या वापरल्या जात. पुढे मातीच्या मिश्रणाच्या चिप्स आल्या. बनावट चिप ओळखता यावी म्हणून कॅसिनो त्यावर आपले नाव किंवा चिन्ह टाकू लागले. चिप म्हणजे चलन नव्हे. तिचे पैसे देणार तो कॅसिनोच.

लोक सीमेपार का जात?
कॅलिफोर्नियाने १९०९मध्ये घोड्यांच्या शर्यतीवरील सट्टा बंद केला. १९२०मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. सॅन दिएगोपासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या तिहुआनात मात्र दोन्ही गोष्टी खुल्या होत्या. १९२८मध्ये अमेरिकी व्यावसायिकांनी तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ आलिशान हॉटेल आणि कॅसिनो उभारला. हॉलीवूडची मंडळी येऊ लागली. पुढे रिटा हेवर्थ म्हणून गाजलेली अभिनेत्री किशोरवयात इथे वडिलांसोबत नाचत असे.

मग बिनसले कुठे?
१९३१मध्ये नेवाडाने जुगार कायदेशीर केला. १९३३मध्ये कॅलिफोर्नियात शर्यतींवरील सट्टा परतला आणि वर्षअखेरीस दारूबंदीही उठली. सीमा ओलांडायचे कारणच उरले नाही. शेवटचा घाव मेक्सिकोतूनच बसला. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी १९३५मध्ये जुगारावर बंदी घातली. कामगारांचा रोजगार गेला, त्यांनी आंदोलने केली. पुढे सरकारने ती जागा ताब्यात घेतली आणि तिथे शाळा सुरू झाली.

महाराष्ट्र-गोव्यात काय स्थिती?
इथे सीमा दोन राज्यांची आहे. गोव्याने १९७६च्या जुगारबंदी कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर जुगाराला वाट दिली. महाराष्ट्रानेही १९७६मध्ये कॅसिनो कायदा केला, पण तो कधीच लागू झाला नाही आणि २०२३मध्ये रद्द झाला. त्यामुळे मराठी ग्राहक आजही मांडवीतल्या जहाजांवर जातो. तिथला व्यवसाय आणि रोजगार काही अंशी शेजारच्या राज्यांच्या कायद्यांवरही अवलंबून आहे.