जंगलातील हिंसा आणि लेखणीतील शब्द

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. १९८० च्या सुमारास सिरोंच्याच्या बाजूने जुन्या चंद्रपूर जिल्ह्याच्या अरण्यात शिरलेल्या सशस्त्र चळवळीचा हा अखेरचा अंक असावा, असे मानण्यास जागा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे बहुतेक सारे आयुष्य या संघर्षाच्या छायेत गेले. बंदुका जमा करून घेण्यासाठी सरकारपाशी यंत्रणा आहे. या चार दशकांत वृत्तपत्रांच्या स्तंभांतून जे शब्द उगारले गेले, ते जमा करून घेणारी यंत्रणा मात्र कोठेच नाही. ते काम लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीच करावयाचे आहे.

प्रथम नामकरण पाहू. हाती बंदुका घेतलेली दहा-पंधरा माणसे जंगलातून चालली आहेत. एक लेखक त्यांना ‘टोळी’ म्हणतो, दुसरा ‘दलम’ हा त्यांचाच तेलुगू शब्द उचलतो, आणि ती माणसे स्वतःस ‘सेना’ म्हणवितात. ‘टोळी’ म्हटले की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात, आणि यांच्यामागे काही राजकीय विचार आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. ‘सेना’ म्हटले की तेंदूपत्त्याच्या कंत्राटदाराकडून उकळलेली खंडणी आणि गावकऱ्याचा खून यांस एकाएकी युद्धकार्याची प्रतिष्ठा लाभते. लेखकाने अद्याप एकही युक्तिवाद केलेला नसतो; निकाल मात्र लागून गेलेला असतो.

विशेषणांचेही तसेच आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या चालीवर आपण ‘नक्षलग्रस्त’ हा शब्द घडविला. पूर आणि अवर्षण यांना कर्ता नसतो, हिंसेला असतो. १९६७ साली बंगालमधील एका खेड्यातील उठावावरून आलेले हे नाव ‘ग्रस्त’ला जोडताच खून करणारा दिसेनासा होतो, आणि वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे दाबून ठेवणारा अधिकारीही त्याच्यासवे दिसेनासा होतो. ‘मुख्य प्रवाह’ हा असाच दुसरा लाडका शब्द. आदिवासींनी मुख्य प्रवाहात यावे, असा उपदेश आपण नित्य करतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरील भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुरामुळे वर्षानुवर्षे पावसाळ्यात तुटत आला. तेथील माणसास प्रवाह म्हणजे काय, हे शहरातून लिहिणाऱ्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. त्याला पूल हवा असतो, आणि आपण त्याला रूपक पाठवितो.

‘चकमक’ या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, हे विधान या एका शब्दातच अनुस्यूत आहे. म्हणजे जे चौकशीअंती सिद्ध व्हावयाचे, ते शीर्षकातच सिद्ध होते. मुंबईतील टोळीयुद्धाच्या काळात ‘एन्काउंटर’ हा शब्द मराठी वाचकांच्या तोंडी असाच बसला. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू यांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला आणि अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे, असा दंडक घालून दिला. अनेक चकमकी खऱ्या असतात, आणि त्यांत पोलीसही प्राण गमावतात. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीनजीक १७ पोलीस मारले गेले, ती चकमक होती याविषयी शंका कोणी घ्यावी? परंतु एक खरी असल्याने दुसरी खरी ठरत नाही. ‘कंठस्नान घातले’ असे लिहिणारी लेखणी तर चौकशीची वाट न पाहताच विजयोत्सव करू लागते.

सर्वांत मोठे काम मात्र ‘पण’ हे दोन अक्षरी अव्यय करते. ‘हिंसा निषेधार्ह आहे, पण अन्यायही झाला’ आणि ‘अन्याय झाला, पण हिंसा निषेधार्ह आहे’ या दोन वाक्यांतील तपशील एकच आहे. मराठी वाक्याचा भार मात्र ‘पण’च्या पुढे पडतो, आणि मागचे सारे केवळ प्रस्तावना होऊन बसते. हा वाद आपल्याकडे नवा नाही. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर टिळकांनी १९०८ साली ‘केसरी’त अग्रलेख लिहिले. त्यांत कृत्याचा निषेध होता आणि सरकारी दडपशाहीने ते कृत्य ओढवले अशी मीमांसाही होती. खटल्यात मराठी शब्दांच्या भाषांतरावर टिळकांनी कसून वाद घातला. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा ज्युरीपुढे तो टिकला नाही, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे, हे समीकरण परक्या सरकारने मांडले होते. आज कोणाही टीकाकारावर ‘नक्षलसमर्थक’ अशी चिठ्ठी डकविणारे तेच समीकरण पुन्हा मांडतात. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्यावेळी ‘शहरी नक्षलवाद’ हा शब्द किती सहज वापरला गेला, हे सर्वांनी ऐकले आहे.

परंतु दुसऱ्या बाजूनेही टिळकांचा आधार घेता येणार नाही. टिळकांनी आपल्या शब्दांची किंमत स्वतः मंडालेत मोजली. पुण्या-मुंबईत बसून ‘जनयुद्धा’चे गौरव करणाऱ्याच्या शब्दांची किंमत गडचिरोलीतील गावकरी मोजत आला. त्याचे प्रेत रस्त्यावर टाकून शेजारी चिठ्ठी ठेवावयाची आणि ‘खबऱ्या’ असे त्यावर लिहावयाचे, ही रीत येथे परिचयाची आहे. तो एक शब्द म्हणजेच आरोप, पुरावा आणि निकालपत्र. अशा रीतीने मारले गेलेले शेकडो लोक ना हुतात्मा ठरले, ना क्रांतिकारक. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवानांबरोबर त्यांच्या वाहनाचा चालकही मरण पावला. बलिदानावर लिहू लागले की त्या सोळाव्या माणसासाठी शब्द शोधावा लागतो. तयार शब्दांच्या कोणत्याच खणात तो बसत नाही. आपल्या शब्दसंग्रहाची परीक्षा येथेच होते.

यावर उपाय साधा आहे. हिंसेवरील कोणताही लेख वाचताना प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा. ‘ठार झाला’च्या जागी ‘अमक्याने मारले’ असे म्हणून पाहावे. ‘पण’च्या दोन्ही बाजू उलट करून वाचाव्यात. आणि लेखातील विशेषण आपल्या भावास लावले असते तर पुरावा मागितला असता काय, हे स्वतःस विचारावे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजावर आता या जिल्ह्याचे नवे पर्व उभे राहत आहे. उद्या एखाद्या ग्रामसभेने खाणीविषयी शंका काढली, तर तिच्यासाठी ‘विकासविरोधी’ हा शब्द तयारच आहे. तो लिहिण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव एकवार वाचावा, एवढीच अपेक्षा.