अठरा अँपिअरचं आकाश

जोगेश्वरीहून बोरिवलीची स्लो लोकल पकडली, की चौथं स्टेशन कांदिवली. तिथल्या चारकोपमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी चक्क सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात, वांद्रे-कुर्ला संकुलात, लोकांनी ते डोळे विस्फारून पाहिलं. २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या नावानं त्याची अधिकृत नोंदणी झाली. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

घरी बांधलेलं विमान म्हटलं की सगळे पंखांबद्दल विचारतात, इंजिनाबद्दल विचारतात. पण वर आकाशात वीज कुठून येते आणि ती पुरते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

जगभर घरी बांधलेल्या हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ नावाचं ऑस्ट्रियन इंजिन फार लोकप्रिय आहे. त्याचा मोठा भाऊ १०० अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे ७३ किलोवॉटचा. आता अंदाज करा, इंजिनात बसवलेलं जनित्र त्यातून वीज किती देत असेल? पूर्ण वेगात फक्त २५० वॉट! तुमच्या ओट्यावरचा मिक्सर याच्या दुप्पट-तिप्पट वीज खातो. दोन माणसांना हवेत उचलून नेणाऱ्या यंत्राला खोबऱ्याची चटणी वाटणं परवडत नाही.

साडेतेरा व्होल्टला २५० वॉट म्हणजे साधारण १८ अँपिअर. एवढ्यात सगळा संसार.

आता यादी करू. जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा लँडिंग लाइट एकटाच सात-साडेसात अँपिअर ओढतो. पंखांच्या टोकांवरचे लाल-हिरवे आणि शेपटीवरचा पांढरा, असे तीन जुने बल्ब मिळून आणखी पाच-सहा. वेग मोजण्यासाठी समोरून हवा घेणारी एक नळी असते, पिटो ट्यूब. थंड ढगात तिच्यात बर्फ धरलं तर वेगाचा काटा बिनधास्त खोटं बोलतो. म्हणून ती तापवायची. ते आठ-दहा अँपिअर! रेडिओचं, जीपीएसचं नावही काढलं नाही, आणि आपण १८ च्या पार गेलोसुद्धा.

मग विमानं उडतात कशी? हिशेबातल्या एका साध्या युक्तीमुळे: सगळं एकाच वेळी लागत नाही. रेडिओ ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो, बोलताना त्याच्या कितीतरी पट. पण वैमानिक बोलतो काही सेकंदच. स्टार्टर मोटर शे-दोनशे अँपिअर मागते, पण तीही क्षणभरच. असे झटके बॅटरी सोसते आणि जनित्र तिची भरपाई सावकाश करत राहतं. म्हणून बांधणारा कागदावर दोन रकाने पाडतो. एकात सतत लागणारी वीज, दुसऱ्यात अधूनमधून लागणारी. सततचा भार जनित्राच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जुना दंडक आहे. एलईडी आल्यापासून तर चंगळ झाली. तेच तीन दिवे आता जेमतेम एखाद्या अँपिअरवर जळतात.

आता सगळ्यात मोठा चमत्कार. समजा, जनित्र बंद पडलं. बॅटरीही संपली. पॅनेल काळं पडलं. इंजिनाचं काय होईल?

काहीही नाही! ते मजेत चालू राहील. विमानाच्या पारंपरिक इंजिनात ठिणगीची व्यवस्था अगदी वेगळी असते. इंजिन स्वतःच चुंबक फिरवतं आणि प्लगला लागणारी वीज तिथल्या तिथे तयार करतं. त्याला मॅग्नेटो म्हणतात, आणि ते एक नाही, दोन असतात. चावी ‘बंद’कडे फिरवली की मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या धातूच्या अंगाकडे वळते आणि ठिणगी थांबते. ती वळवणारी तार तुटली तर इंजिन चावीला जुमानतच नाही. म्हणून तर उभ्या विमानाच्या पंख्याला कुणी सहज हात लावत नाही.

जोगेश्वरीपासून हाकेच्या अंतरावरच्या जुहूत १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते पस मॉथ विमान असंच मॅग्नेटोवर चालणारं होतं. रेडिओ नव्हता, म्हणून त्याच्या विजेची चिंताही नव्हती.

पण आजचा वैमानिक रेडिओशिवाय मुंबईच्या आकाशात कसा शिरणार? तेव्हा जनित्र गेल्यावर काय, हे आधीच ठरवावं लागतं. खूण अगदी बारीक असते. व्होल्टमीटर चौदाच्या आसपास असेल तर जनित्र कमावतंय. साडेबारावर घसरला, तर आपण बॅटरीतली शिल्लक खातोय. त्या क्षणी वैमानिकानं विचार करत बसायचं नसतं. विचार करून झालेला असतो, गॅरेजमध्ये, तारा जोडताना. अत्यावश्यक गोष्टींची एक वेगळी पट्टी असते, एसेन्शियल बस. रेडिओ, रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर, एखादं मुख्य यंत्र, बस्स. दोन बटणं दाबायची, बाकी सगळ्यावर लोडशेडिंग!

३० अँपिअर-तासांची बॅटरी आणि पाच अँपिअरचा भार: कागदावर सहा तास. पण बॅटरी जुनी होते, व्होल्टेज घसरत जातं, म्हणून शहाणा माणूस निम्म्याहूनही कमी धरतो. तरी जवळची धावपट्टी गाठायला तेवढं पुष्कळ.

आता नवी मेख. इंधनाचे थेंब आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो अशी इंजिनं घरी बांधलेल्या विमानांत येऊ लागली आहेत. पेट्रोल वाचतं, सुरू होणं सोपं. पण आता इंजिनच वीज मागतं. रोटॅक्सच्याच नव्या ९१२ आयएसमध्ये म्हणून एकाऐवजी दोन जनित्रं आहेत. शंभर वर्षं विजेच्या यादीत नसलेलं नाव आता यादीत पहिलं लिहावं लागतं, आणि कुठलं बटण आधी बंद करायचं हा प्रश्न विमान बांधणाऱ्याला पंख जोडण्याआधी सोडवावा लागतो.