सरस्वतीच्या बेटाला कानांनी जावे

तीर्थक्षेत्री गेलेल्या माणसाने दर्शन घ्यावे, मग आजूबाजूची ठिकाणे बघावीत आणि वेळ उरलाच तर काही चाखावे, असा क्रम आपण मनाशी ठरवून टाकलेला असतो. त्यात गाणे तर कुठेच नसते. हा क्रम चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. काही देवस्थाने नुसती डोळ्यांनी पाहून कळतच नाहीत. तिथे काय वाजते आणि काय शिजते, हेही दर्शनातच मोडते. जपानमधल्या हिरोशिमाजवळचे इत्सुकुशिमा बेट, ज्याला लोक मियाजिमा म्हणतात, हा या म्हणण्याचा मोठा पुरावा आहे. गाण्याबजावण्यातल्या माणसाने एकदा तरी तिथे जावे.

हे बेटच पवित्र मानले गेले, म्हणून देऊळ किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे राहिले. तैरा नो कियोमोरी या सरदाराने 1168च्या सुमारास त्याला आजचे भव्य रूप दिले. समोर समुद्रात उभे असलेले, सोळा मीटरहून उंच तोरी, म्हणजे लाकडी महाद्वार, 1875 सालचे. जगभर छापले जाते ते याच द्वाराचे छायाचित्र, आणि बहुतेक प्रवासी तेवढेच पाहून परततात. मंदिराच्या पुढ्यातला उघडा मंच मात्र बुगाकू या दरबारी नृत्यसंगीतासाठी आहे. या परंपरेतल्या काही रचना आठव्या शतकात जपानला पोचलेले भारतीय भिक्षू बोधिसेन आणि त्यांच्यासोबतचे चंपा देशातले भिक्षू यांच्याकडून आल्या, असे तिकडची परंपरा मानते. शेजारी भरतीच्या पाण्यावर उभारलेला नो नाट्याचा रंगमंचही आहे. शिवाय इथली एक देवी बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती जपानला गेली आणि तिच्या हाती वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आले. मेइजी काळात शिंतो आणि बौद्ध देवस्थाने वेगळी करण्यात आली, तेव्हा तिची मूर्ती जवळच्या दाइगान-जी मंदिरात हलवली गेली.

बेटावरचे खाणेही या देवीपासून फार लांब नाही. भात वाढायची लाकडी पळी ही मियाजिमाची प्रसिद्ध वस्तू. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाच्या भिक्षूने बेंझाइतेनच्या बिवेच्या आकारावरून ती घडवली, अशी कथा तिथे सांगतात. म्हणजे वाद्याचा आकार थेट भाताच्या भांड्यात उतरला. वाफाळत्या भातावर भाजलेल्या वाम माशाचे तुकडे घालतात, त्याला अनागो-मेशी म्हणतात. कालवे हिरोशिमाच्या आखातातली. जपानच्या एकूण कालव-उत्पादनातला अर्ध्याहून मोठा वाटा या एकाच प्रांताचा आहे. माळकऱ्याला यातले काही चालणार नाही, आणि साध्या दिसणाऱ्या रश्शातही तिकडे बहुधा माशांचा अर्क असतो, हे आधीच माहीत असलेले बरे. गोड खाणाऱ्यांसाठी मोमिजी मांजू आहे, पण त्याच्या पिठात सहसा अंडे असते, हेही माळकऱ्याने ध्यानात ठेवावे. मेपलच्या पानाच्या आकाराच्या या छोट्या केकमध्ये लाल चवळीसारख्या अझुकीचे, पुरणासारखे गोड सारण असते.

यावर कुणी म्हणेल की खाण्याफिरण्याची जोड दिल्याने देवस्थानाचा बाजार होतो. गर्दीचा त्रास खराच आहे. म्हणून तर ऑक्टोबर 2023पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्यांकडून शंभर येन कर घेतला जातो. पण बाजार होतो तो घाईने, चवीने नव्हे. फोटो काढून तासाभरात परतणाऱ्याला ना मंच कळतो ना पळी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुगाकू काही रोज होत नाही, मग गेलेल्याला ऐकायला काय मिळणार? उत्तर पंचांगात आहे. देवीची पालखी नावेत बसवून, वाद्ये वाजवत समुद्रातून नेण्याचा कांगेन्साई उत्सव जुन्या चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या सतराव्या दिवशी असतो. आपल्या हिशेबाने ही साधारण आषाढ वद्य द्वितीया, म्हणजे आषाढी एकादशीनंतर आठवडाभरात. पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते आणि नावा देवळाजवळ येऊ शकतात, म्हणून हा दिवस. सुट्टी पाहून नव्हे, तिथी पाहून जावे.

लासलगावच्या वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या निफाड तालुक्यातल्या गावांत हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा वीणेचा पहारा अखंड चालतो, रात्री कीर्तन रंगते आणि काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाची पंगत बसते. वाद्य, देव आणि अन्न यांना एका मांडवाखाली आणणारी ही व्यवस्था मियाजिमाहून उणी नाही. आणि नांदूरमध्यमेश्वर तर आपल्याच तालुक्यात आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा आणि त्याच्या फुगवट्यातले, 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेले अभयारण्य. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला लोक लांबून येतात, दुर्बिणीतून पाहतात आणि परततात. मध्यमेश्वराचे देऊळ, आसपासच्या गावांतली भजनी मंडळे, चुलीवरची बाजरीची भाकरी आणि लासलगावच्या कांद्याचा झुणका यांची त्यांना गाठच पडत नाही. 2027च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी लाखो लोक येतील. पक्ष्यांच्या वेळापत्रकाशेजारी या गावांच्या सप्ताहांच्या तिथी आणि पंगतींचे दिवस छापून ठेवायला फार खर्च लागत नाही.