महिंदा राजपक्ष यांचे राजकीय पुनरागमन (२०१५–२०२०)

महिंदा राजपक्ष (जन्म: १८ नोव्हेंबर १९४५) हे श्रीलंकेचे माजी राष्ट्राध्यक्ष व माजी पंतप्रधान आहेत. जानेवारी २०१५ मधील राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत पराभूत झाल्यानंतर त्यांनी पाच वर्षांच्या आत लोकानुनयी नेते म्हणून सत्तेत पुनरागमन केले. घराणेशाही, भ्रष्टाचाराचे आरोप आणि न्यायसंस्थेवरील दबाव यांमुळे त्यांची राजवट बदनाम झाली होती. तरीही यादवी युद्धातील विजयाची स्मृती, सिंहली ग्रामीण मतदारांचा पाठिंबा व नव्या सरकारमधील बेबनाव यांच्या आधारे त्यांनी स्वतःचा पक्ष उभा केला. २०२२ च्या आर्थिक संकटात ही राजवट कोसळली.

पार्श्वभूमी

राजपक्ष घराणे दक्षिण श्रीलंकेतील हंबनटोटा जिल्ह्यातील आहे. महिंदा यांचे वडील डी. ए. राजपक्ष हे खासदार व मंत्री होते. या घराण्यातील पुरुष खांद्यावर घेत असलेले तपकिरी-तांबूस उपरणे हे त्या कोरडवाहू भागात पिकणाऱ्या नाचणीचे, पर्यायाने तेथील शेतकऱ्याचे प्रतीक मानले जाते. महिंदा १९७० मध्ये बेलिअत्त मतदारसंघातून वयाच्या २४ व्या वर्षी संसदेवर निवडून आले. २००४ मध्ये ते पंतप्रधान व नोव्हेंबर २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

मे २००९ मध्ये लष्कराने लिट्टेचा पूर्ण पराभव केला आणि सुमारे २६ वर्षे चाललेले यादवी युद्ध संपले. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत मोठ्या संख्येने तमिळ नागरिक मारले गेले. त्याची चौकशी व्हावी ही मागणी तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर होत राहिली. सिंहली बहुसंख्याकांत मात्र महिंदा यांची प्रतिमा राष्ट्ररक्षक राजाची झाली. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी माजी लष्करप्रमुख सरत फोन्सेका यांना हरवून सुमारे ५८ टक्के मते मिळवली.

प्रतिष्ठेचा ऱ्हास आणि पराभव

सप्टेंबर २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपदावरील दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. बंधू गोटाबाया संरक्षण सचिव, बेसिल आर्थिक विकासमंत्री व चमल संसदेचे सभापती होते. अर्थखाते स्वतः महिंदा यांच्याकडे होते. जानेवारी २०१३ मध्ये सरन्यायाधीश शिराणी बंडारनायके यांना महाभियोगाद्वारे पदच्युत करण्यात आले. परदेशी कर्जातून हंबनटोटा बंदर व मत्तल विमानतळ बांधले गेले. विमानतळावर विमाने क्वचितच उतरत असल्याने तो उधळपट्टीचे उदाहरण ठरला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आरोग्यमंत्री मैत्रीपाल सिरिसेन यांनी सरकार सोडून विरोधकांचे संयुक्त उमेदवार म्हणून निवडणूक लढवली. ८ जानेवारी २०१५ च्या मतदानात त्यांना ५१.२८ टक्के, तर महिंदा यांना ४७.५८ टक्के मते मिळाली.

या आकड्यांत पुढील घडामोडींचे मूळ आहे. महिंदा यांना २०१० मध्ये सुमारे ६० लाख १६ हजार, तर २०१५ मध्ये सुमारे ५७ लाख ६८ हजार मते पडली होती. म्हणजे त्यांचा मूळ मतदार फारसा हललेला नव्हता. मतदानाचे प्रमाण वाढले आणि तमिळ व मुस्लिम मतदारांनी मोठ्या प्रमाणात विरोधी मतदान केले. २२ निवडणूक जिल्ह्यांपैकी १० जिल्ह्यांत महिंदा आघाडीवर होते व ते सर्व सिंहलीबहुल होते.

पुनरागमनाची वाटचाल

पराभवानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ फेब्रुवारी २०१५ रोजी, कोलंबोलगतच्या नुगेगोडा येथे 'महिंदांना परत आणा' या मागणीसाठी मोठी सभा झाली. महिंदा स्वतः सभेस उपस्थित नव्हते. नेता सत्ता मागत नसून जनताच त्याला बोलावत आहे, हे चित्र येथून उभे राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये ते कुरुनेगल जिल्ह्यातून खासदार झाले. माजी राष्ट्राध्यक्षाने साधा खासदार म्हणून संसदेत बसणे हेही समर्थकांनी साधेपणाचे लक्षण म्हणून मांडले. जुलै २०१६ च्या अखेरीस त्यांच्या गटाने कँडी ते कोलंबो अशी पदयात्रा काढली.

त्यांच्या प्रचाराचे तीन मुख्य धागे होते:

शेतकरी व महागाई: महिंदा यांच्या कारकिर्दीत ५० किलो खताची गोणी ३५० रुपयांना मिळत असे. नव्या सरकारने त्याऐवजी रोख अनुदान सुरू केले, ज्याबद्दल ग्रामीण भागात नाराजी होती. २०१६ मध्ये मूल्यवर्धित कर ११ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आला.

युद्धवीर: ऑक्टोबर २०१५ मध्ये श्रीलंकेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतील युद्धकालीन घटनांविषयीच्या ठरावाचे सहप्रायोजकत्व स्वीकारले. विजयी सैनिकांना परकीयांच्या हवाली केले जात आहे, असा प्रचार त्याविरुद्ध झाला.

सूडाचे राजकारण: राजपक्ष कुटुंबीयांच्या चौकशा व अटका सुरू झाल्या, परंतु खटले रेंगाळले. दरम्यान फेब्रुवारी २०१५ मधील मध्यवर्ती बँकेच्या रोखेविक्रीतील गैरव्यवहार उघड झाल्याने 'सुशासना'चे आश्वासन देऊन आलेल्या सरकारचा नैतिक अधिकारच क्षीण झाला. २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला देण्यात आले, तेव्हा ज्यांच्या काळात ते कर्ज काढून बांधले गेले तेच राष्ट्रीय मालमत्तेचे रक्षक म्हणून रस्त्यावर उतरले.

नवा पक्ष

नोव्हेंबर २०१६ मध्ये श्रीलंका पोडुजना पेरामुना या पक्षाची घोषणा झाली. कमळकळी हे त्याचे चिन्ह होते व संघटनेची सूत्रे बेसिल यांच्याकडे होती. जुन्या श्रीलंका फ्रीडम पार्टीचे नेतृत्व सिरिसेन यांच्याकडे राहिले, तरी तिचे ग्रामपातळीवरील कार्यकर्ते नव्या पक्षाकडे वळले. १० फेब्रुवारी २०१८ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत या पक्षाने सुमारे ४० टक्के मते मिळवून बहुसंख्य संस्थांत पहिला क्रमांक पटकावला.

२०१८ चा घटनात्मक पेच

२६ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेन यांनी पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांना हटवून महिंदा यांना त्या पदाची शपथ दिली. संसदेत बहुमत जमेना, तेव्हा सिरिसेन यांनी संसद बरखास्त केली. १३ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बरखास्ती एकमताने घटनाबाह्य ठरवली व दोन दिवसांनी महिंदा यांनी राजीनामा दिला. या प्रकरणात न्यायालय व संसदेने आपले स्वातंत्र्य दाखवले, परंतु सत्ताधारी आघाडी कायमची दुभंगली.

सत्तेत परत

२१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी चर्च व हॉटेलांवर झालेल्या आत्मघाती हल्ल्यांत २५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गुप्तचर इशारे मिळूनही सरकार गाफील राहिल्याचे उघड झाले आणि सुरक्षा हा निवडणुकीचा प्रमुख विषय बनला. एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने दोन कार्यकाळांची मर्यादा पुन्हा लागू झाल्यामुळे महिंदा स्वतः उमेदवार होऊ शकत नव्हते. त्यांचे बंधू गोटाबाया यांनी १६ नोव्हेंबर २०१९ रोजी ५२.२५ टक्के मतांनी निवडणूक जिंकली व महिंदा पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाच्या आघाडीने संसदेच्या २२५ पैकी १४५ जागा मिळवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार पुन्हा वाढवण्यात आले.

परिणाम

लोकप्रिय आश्वासनांनुसार २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे महसूल घटला. कोविड साथीने पर्यटन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातल्याने भातशेतीची हानी झाली. स्वस्त खताच्या आठवणीवर मते मिळवणाऱ्या सरकारला या निर्णयाने शेतकऱ्यांपासूनच दूर नेले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. ९ मे २०२२ रोजी महिंदा यांच्या समर्थकांनी कोलंबोतील आंदोलकांवर हल्ला केल्यानंतर देशभर हिंसाचार उसळला व त्याच दिवशी महिंदा यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये गोटाबाया देशाबाहेर पळून गेले व त्यांनीही पद सोडले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक संकटास कारणीभूत ठरलेल्या व्यक्तींमध्ये महिंदा, गोटाबाया व बेसिल यांचा समावेश केला. सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत महिंदा यांचे पुत्र नमल यांना तीन टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. २०१५ च्या पराभवात अभंग राहिलेला मतदार या वेळी मात्र दुरावला होता.